स्पंदनशील अल्गोल तारे

स्पंदनशील अल्गोल तारे अथवा ओईए तारे हा रूपविकारी ताऱ्यांचा एक गट आहे. परस्परांभोवती फिरणारे, पृथ्वीवरून पाहता एकमेकांना झाकणारे आणि ज्यांतील एका ताऱ्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहत आहे अशा तारकायुग्मांतील स्पंदन पावणारा घटकतारा या गटात मोडतो. स्पंदन पावतो तो द्रव्य मिळवणारा तारा. तो वर्णपटानुसार ए किंवा एफ वर्गातील असून त्याची स्पंदने वरकरणी डेल्टा स्कूटी प्रकारच्या ताऱ्यांसारखी असतात. मात्र एकट्या डेल्टा स्कूटी ताऱ्याची जडणघडण जन्मापासून त्याची स्वतःची असते, तर स्पंदनशील अल्गोल ताऱ्याचे बरेचसे वस्तुमान त्याच्या जोडीदाराकडून आलेले असते आणि ते अजूनही येत असते. त्यामुळे ताऱ्यावर बाहेरून द्रव्य पडल्यास त्याच्या स्पंदनांवर काय परिणाम होतो, हे काही वर्षांच्या निरीक्षणांतून तपासण्याची संधी या गटात मिळते.

अल्गोल आणि त्याचा विरोधाभास

गटाचे नाव ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्यावरून पडले आहे. अल्गोलचे तेज दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत घसरते आणि काही तासांत पूर्ववत होते. जॉन गुडरिक या इंग्लंडमधील कर्णबधिर तरुणाने १७८२-८३ मध्ये या बदलाची नियमितता दाखवून दिली. अल्गोलभोवती एखादी काळोखी वस्तू फिरत असावी व ती मध्ये आल्याने प्रकाश अडत असावा, हे त्याने सुचवलेल्या कारणांपैकी एक होते. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. हेरमान फोगेल याने १८८९ मध्ये वर्णपटावरून अल्गोलचा अरीय वेग मोजला आणि जोडीदाराचे अस्तित्व निश्चित केले.

पुढे दोन्ही घटकांची वस्तुमाने समजल्यावर एक कोडे उभे राहिले. अल्गोलचा मुख्य तारा सूर्याच्या सुमारे ३.२ पट वस्तुमानाचा असून तो अजून मुख्य अनुक्रमावर, म्हणजे गाभ्यातील हायड्रोजन जाळण्याच्या अवस्थेत आहे. जोडीदार मात्र सूर्याच्या जेमतेम ०.७ पट वस्तुमानाचा असूनही फुगून उपराक्षसी झालेला आहे. अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन लवकर संपवतो, हा ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा पायाभूत नियम आहे. दोन्ही तारे एकाच वेळी जन्मले असतील तर हलका तारा आधी म्हातारा कसा झाला? या कोड्याला अल्गोल विरोधाभास म्हणतात.

त्याचे उत्तर १९५५ मध्ये जॉन क्रॉफर्ड यांनी मांडले. आज हलका दिसणारा तारा पूर्वी दोहोंतील जड तारा होता. तो नियमाप्रमाणे आधी फुगला, त्याचे बाह्य थर जोडीदाराकडे वाहत गेले आणि काळाच्या ओघात जड-हलकेपणाची अदलाबदल झाली. त्याच वर्षी झडेनेक कोपाल यांनी निकटच्या युग्मांचे विलग, अर्धविलग आणि स्पर्शयुग्म असे वर्गीकरण केले. अल्गोल अर्धविलग वर्गात येतो.

द्रव्य कसे वाहते

दोन ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाचा आणि त्यांच्या परिभ्रमणाचा एकत्रित विचार केला, तर प्रत्येकाभोवती थेंबाच्या आकाराचा एक प्रदेश आखता येतो. त्याला रोश खंड म्हणतात. या प्रदेशातील द्रव्य त्या ताऱ्याच्या मालकीचे असते. दोन्ही खंडांची टोके ज्या बिंदूत भिडतात, त्याला पहिला लाग्रांज बिंदू असे नाव आहे. तारा फुगून आपला रोश खंड पूर्ण भरू लागला की त्याचे द्रव्य या बिंदूतून पलीकडे सांडते. अर्धविलग युग्मात एकच तारा आपला खंड भरून असतो. त्याला दाता आणि दुसऱ्याला ग्राही म्हणता येईल.

सांडलेला प्रवाह सरळ रेषेत पडत नाही, कारण तारे एकमेकांभोवती फिरत असल्याने तो वळतो. परिभ्रमण काल साधारण पाच-सहा दिवसांहून कमी असेल, तर ग्राही ताऱ्याचा आकार दोहोंतील अंतराच्या मानाने मोठा ठरतो आणि प्रवाह थेट त्याच्या पृष्ठभागावर आदळतो. काल याहून अधिक असल्यास प्रवाह ताऱ्याला चुकवून जातो आणि त्याभोवती चकती तयार होते. बहुतेक स्पंदनशील अल्गोल तारे पहिल्या प्रकारच्या युग्मांत सापडतात. आदळणारे द्रव्य स्वतःबरोबर कोनीय संवेग आणते आणि त्यामुळे ग्राही ताऱ्याचे विषुववृत्तीय थर अधिक वेगाने फिरू लागतात.

द्रव्याबरोबर युग्माचा परिभ्रमण कालही बदलतो. एकूण वस्तुमान व एकूण कोनीय संवेग कायम राहतो असे धरले, तर दोन ताऱ्यांमधील अंतर त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, दोन्ही तारे प्रत्येकी २ सौर वस्तुमानाचे आहेत. येथे गुणाकार ४ होतो. एकाकडून दुसऱ्याकडे द्रव्य जाऊन ते ३ आणि १ सौर वस्तुमानाचे झाले, तर गुणाकार ३ उरतो आणि अंतर सुमारे १.८ पट वाढते. म्हणजे हलका तारा जड ताऱ्याला द्रव्य देत असताना युग्म पसरत जाते व काल वाढतो. प्रत्यक्ष युग्मांत असा सरळ हिशेब क्वचितच जमतो. काही द्रव्य युग्माबाहेर निघून जाते, शिवाय थंड दात्याच्या चुंबकीय क्रियेमुळेही काल मागे-पुढे होतो. या दुसऱ्या कारणाची यंत्रणा जेम्स ॲपलगेट यांनी १९९२ मध्ये सुचवली.

स्पंदनाचे कारण

ग्राही ताऱ्याच्या स्पंदनाचा जोडीदाराशी थेट संबंध नाही. वाहून आलेल्या द्रव्याचे धक्के बसून तारा हलतो, अशी समजूत होण्याचा संभव आहे. पण स्पंदनाला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा ताऱ्याच्या आतच असते. पृष्ठभागाखाली, तापमान ४० ते ५० हजार केल्विनच्या आसपास असते त्या थरात, हीलियमच्या अणूचा दुसरा इलेक्ट्रॉन सुटत असतो. हा थर दाबला गेला की त्याची अपारदर्शकता वाढते आणि आतून येणारी उष्णता अडते. अडलेल्या उष्णतेने थर बाहेर ढकलला जातो, मग तो विरळ व पारदर्शक होतो, उष्णता निसटते आणि थर पुन्हा आत येतो. झाकण उचलून वाफ सोडणाऱ्या व पुन्हा बसणाऱ्या पातेल्याशी याची तुलना केली जाते.

हा थर योग्य खोलीवर असेल तरच स्पंदन टिकते. पृष्ठतापमान व तेजस्विता यांच्या आलेखावर अशा ताऱ्यांचा एक तिरकस पट्टा दिसतो, त्याला अस्थिरता पट्टा म्हणतात. मुख्य अनुक्रमाजवळ तो साधारण ६,५०० ते ८,५०० केल्विनच्या दरम्यान येतो. खुद्द अल्गोलचा मुख्य तारा बी८ वर्गाचा, म्हणजे या पट्ट्याच्या मानाने फार तप्त आहे. त्यामुळे ज्याच्या नावाने हा गट ओळखला जातो तो तारा या गटाचा सभासद नाही.

ताऱ्याच्या स्पंदनाचा काल मुख्यतः त्याच्या सरासरी घनतेवर ठरतो. तारा जितका घन, तितका काल कमी. संपूर्ण तारा एकसारखा फुगणे व आकसणे याला अरीय स्पंदन म्हणतात. पृष्ठभागाचा एक भाग वर येत असताना दुसरा खाली जाणे याला अनरीय स्पंदन म्हणतात. एकाच ताऱ्यात दोन्ही प्रकारची अनेक स्पंदने एकाच वेळी चालू असू शकतात. त्यांच्या वारंवारतांवरून ताऱ्याच्या अंतर्भागाचा वेध घेणाऱ्या शाखेला तारकाकंपशास्त्र म्हणतात.

शोध आणि व्याख्या

अल्गोल प्रकारच्या युग्मात स्पंदन आढळल्याचे पहिले उदाहरण शर्मिष्ठा तारकासमूहातील एबी कॅसिओपिया हे होय. १९७१ मध्ये पिएरो टेम्पेस्टी यांनी त्याच्या मुख्य ताऱ्यात डेल्टा स्कूटीसारखे स्पंदन असल्याचे दाखवले. युग्माचा परिभ्रमण काल १.३७ दिवस आणि स्पंदनाचा काल सुमारे ८४ मिनिटे आहे. त्यानंतर लवकरच वाय कॅमेलोपार्डालिस या युग्माची भर पडली. पुढील दोन दशके ही उदाहरणे अपवाद म्हणूनच पाहिली गेली. याचे एक कारण निरीक्षकांच्या सवयीत होते. पिधानकारी युग्मांचे निरीक्षक प्रामुख्याने तेज सर्वांत कमी असण्याची वेळ नोंदवत आणि उरलेल्या कक्षेत प्रतीच्या शंभराव्या भागाएवढे चढउतार दिसले तर ते हवामानाच्या किंवा उपकरणाच्या खाती टाकत.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस डेव्हिड मकर्तिचियन व सहकाऱ्यांनी हा स्वतंत्र गट मानावा असे सुचवले आणि २००४ पर्यंत त्याची व्याख्या निश्चित केली. ओईए या संक्षेपातील ‘ईए’ हे रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीतील अल्गोल प्रकारच्या प्रकाशवक्राचे चिन्ह आहे आणि ‘ओ’ हे अक्षर स्पंदन दर्शवते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. सूचीतील ईए हे चिन्ह केवळ प्रकाशवक्राच्या आकारावरून दिले जाते, त्यावरून द्रव्य वाहते आहे की नाही हे कळत नाही. विलग युग्मात एखादा डेल्टा स्कूटी तारा असला व पिधाने होत असली, तरी त्याला ओईए म्हणता येत नाही. नवीन स्पंदक सापडल्याच्या वृत्तांत ही नावे पुष्कळदा सैलपणे वापरलेली दिसतात. अर्धविलग अवस्था वर्णपटीय मोजमापांनी सिद्ध होईपर्यंत ते वर्गीकरण तात्पुरतेच समजणे योग्य ठरते.

आरझेड कॅसिओपिया

या गटातील सर्वाधिक अभ्यासलेला तारा म्हणजे शर्मिष्ठा तारकासमूहातीलच आरझेड कॅसिओपिया. सुमारे २०० प्रकाशवर्षे अंतरावरील हे युग्म एरवी ६.२ प्रतीचे असते व पिधानात ७.७ प्रतीपर्यंत मंदावते, त्यामुळे साध्या द्विनेत्रीतूनही त्याचे पिधान पाहता येते. परिभ्रमण काल १.१९५ दिवस, म्हणजे सुमारे २८ तास ४१ मिनिटे. ग्राही तारा ए३ वर्गाचा असून सूर्याच्या जवळपास दुप्पट वस्तुमानाचा आहे. दाता के० वर्गाचा उपराक्षसी असून त्याचे वस्तुमान सुमारे ०.७ सौर वस्तुमान आहे.

या युग्माच्या पिधानाविषयी निरीक्षकांत दीर्घकाळ एकमत नव्हते. कधी प्रकाशवक्राचा तळ टोकदार येई, म्हणजे पिधान खंडग्रास असावे. कधी तळ काही मिनिटे सपाट दिसे, म्हणजे ते खग्रास असावे. एकाच युग्माचे पिधान दोन्ही प्रकारचे असणे शक्य नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओशिमा व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मुख्य ताऱ्यात २२.४ मिनिटांचे स्पंदन शोधले आणि या विसंगतीचाही उलगडा झाला. पिधान खंडग्रासच आहे. तेज सर्वांत कमी असण्याच्या वेळी स्पंदनाची जी अवस्था असेल, तिच्यानुसार तळाचा आकार बदलतो. एका परिभ्रमणात सुमारे ७७ स्पंदने होतात. ही संख्या पूर्णांक नसल्याने प्रत्येक पिधान स्पंदनाच्या वेगळ्या अवस्थेत सापडते.

२२.४ मिनिटे हा कालही लक्षणीय आहे. ताऱ्याचे वस्तुमान दोन सौर वस्तुमाने आणि त्रिज्या सूर्याच्या सुमारे १.७ पट धरल्यास त्याच्या मूलभूत अरीय स्पंदनाचा काल ७० मिनिटांच्या आसपास यायला हवा. निरीक्षित काल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. म्हणजे तारा मूलभूत स्वरात नव्हे, तर बऱ्याच वरच्या अधिस्वरात स्पंदन पावतो. एरिडॅनस तारकासमूहातील एएस एरिडानी या युग्मातील ग्राही ताऱ्याचा कालही असाच, सुमारे २४ मिनिटांचा आहे. उलट एबी कॅसिओपियाचा ८४ मिनिटांचा काल मूलभूत अरीय स्पंदनाशी जुळतो. एकाच गटातील ताऱ्यांत एवढा फरक का पडावा, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही.

आरझेड कॅसिओपियाचे खरे महत्त्व त्यातील बदलांत आहे. शोधाच्या वेळी एकच स्पंदन ठळक होते. २००१ च्या सुमारास त्याचा परमप्रसर घटला आणि एकाऐवजी अनेक स्पंदने दिसू लागली. त्याच वर्षी घेतलेल्या वर्णपटांत अरीय वेगाचा वक्र पिधानाच्या आधी व नंतर स्पष्टपणे असमान आढळला. ताऱ्याभोवती दाट वायुप्रवाह असल्याचे ते लक्षण होते. २००६ मध्ये होल्गर लेमान व सहकाऱ्यांनी पुन्हा वर्णपट घेतले, तेव्हा ही असमानता बरीच कमी झाली होती. यावरून २००१ मध्ये द्रव्यप्रवाहाचा एक जोरदार झोत येऊन गेला असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढील निरीक्षणांत दात्याच्या चुंबकीय क्रियेचे सुमारे ९ वर्षांचे चक्र दिसून आले आणि प्रवाहाचा जोर त्या चक्राशी निगडित असल्याचे मत मांडले गेले.

यामागील कारणपरंपरा अशी सांगितली जाते : दात्यावरील चुंबकीय क्रिया कमी-अधिक होते, लाग्रांज बिंदूतून सुटणारे द्रव्य त्यानुसार घटते किंवा वाढते, ग्राही ताऱ्याच्या बाह्य थरांची घनता व परिवलन बदलते आणि त्या थरांतून जाणाऱ्या स्पंदनांचा परमप्रसर व वारंवारता बदलते. यातील प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे संभवनीय आहे. परंतु स्पंदनांचे परमप्रसर एकट्या डेल्टा स्कूटी ताऱ्यांतही बदलतात, तेथे तर कोणताही दाता नसतो. म्हणून एका झोताच्या वेळी झालेला बदल हा पुरावा पुरेसा मानता येत नाही. प्रवाह व स्पंदने यांची मोजमापे अनेक चक्रांत एकत्र घेतली, तरच हा संबंध निश्चित होऊ शकेल.

पिधानाचा उपयोग

तारकाकंपशास्त्रापुढील मोठी अडचण म्हणजे निरीक्षित वारंवारता कोणत्या प्रकारच्या स्पंदनाची आहे हे ओळखणे. डेल्टा स्कूटी ताऱ्यांत ही अडचण विशेष तीव्र असते. पिधानकारी युग्मात दोन गोष्टी साहाय्याला येतात.

पहिली म्हणजे वस्तुमान व त्रिज्या. पिधानाच्या आकारावरून कक्षेचा कल आणि ताऱ्यांच्या सापेक्ष त्रिज्या कळतात, तर दोन्ही ताऱ्यांच्या अरीय वेगांवरून वस्तुमाने मिळतात. एकट्या ताऱ्याबाबत या राशी बहुधा प्रतिकृतींवरून अनुमानाव्या लागतात. येथे त्या थेट मोजल्या जातात आणि घनता ठाऊक झाल्याने स्पंदनांच्या शक्यता कमी होतात. दात्याचा प्रकाश क्षीण असल्याने त्याच्या वर्णरेषा मिळवणे मात्र कष्टाचे असते.

दुसरी गोष्ट अधिक वैशिष्ट्यपूर्ण आहे. अनरीय स्पंदनात ताऱ्याच्या बिंबाचे काही भाग उजळत असताना काही मंदावतात आणि एकूण प्रकाशात त्यांचे परिणाम परस्परांना बव्हंशी पुसून टाकतात. पिधानाच्या वेळी जोडीदार पडद्यासारखा बिंबावरून सरकतो व त्याचा एकेक भाग झाकत जातो. त्यामुळे हा समतोल बिघडतो, एरवी दबलेले स्पंदन वर येते आणि त्याचा परमप्रसर व कला पिधानभर बदलत राहतात. अरीय स्पंदनाची कला मात्र बदलत नाही. या फरकावरून स्पंदनाचा प्रकार ओळखता येतो. या पद्धतीला अवकाशीय गाळणी असे म्हणतात आणि ती आरझेड कॅसिओपियासाठी वापरली गेली आहे. एक पिधान काही तासच टिकते व त्यात मोजकीच स्पंदने बसतात, म्हणून अनेक पिधानांची निरीक्षणे एकत्र करावी लागतात.

भरतीजन्य बलाचा परिणाम

निकटच्या जोडीदाराच्या ओढीमुळे ग्राही तारा पूर्ण गोल राहत नाही, तो किंचित लांबट होतो. स्पंदनांवर याचा परिणाम होतो असे संख्याशास्त्रीय अभ्यासातूनही दिसते. एसिन सोयदुगान व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा युग्मांचा परिभ्रमण काल जितका मोठा तितका स्पंदनाचा कालही मोठा असल्याचे दाखवले. नंतर अलेक्सिओस लियाकोस व पॅनायोटिस निआर्खोस यांनी मोठ्या सूचीच्या आधारे हा संबंध साधारण १३ दिवसांपर्यंतच्या परिभ्रमण कालांनाच लागू पडतो असे मत मांडले.

२०२० मध्ये एचडी ७४४२३ या युग्माविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील एक तारा प्रामुख्याने एकाच बाजूस स्पंदन पावतो. भरतीजन्य बलामुळे त्याच्या स्पंदनाचा अक्ष परिवलनाच्या अक्षाऐवजी जोडीदाराच्या दिशेला वळलेला आहे. टेस या उपग्रहाच्या नोंदी तपासणाऱ्या हौशी अभ्यासकांच्या हे प्रथम लक्षात आले होते. हे युग्म ओईए गटातील नव्हे. तथापि स्पंदनाचा अक्ष व परिवलनाचा अक्ष एकच असतो हे जुने गृहीतक निकटच्या युग्मांत तपासून पाहावे लागते, ही बाब ओईए ताऱ्यांनाही तितकीच लागू आहे.

अवकाशातून निरीक्षणे

जमिनीवरून या ताऱ्यांचे निरीक्षण करताना दिवस-रात्रीचे चक्र आड येते. परिभ्रमण काल एक-दोन दिवसांचा असल्याने एकाच ठिकाणाहून अनेक रात्री कक्षेचे तेच तेच भाग दिसत राहतात. केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात ही अडचण दूर केली. मात्र तिची बहुतेक मोजमापे दर २९.४ मिनिटांनी एक अशी होती. २२ मिनिटांचे स्पंदन अशा नोंदीत प्रत्यक्षाहून वेगळ्याच कालाचे भासते. मिनिटागणिक मोजमापे थोड्या ताऱ्यांसाठीच उपलब्ध होती. २०१८ मध्ये सोडलेल्या टेस उपग्रहाने दोन मिनिटांच्या अंतराने मोजमापे घेतल्याने ज्ञात ओईए ताऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

केप्लरच्या काळातील केआयसी १०६६१७८३ हे उदाहरण बोधप्रद आहे. १.२३ दिवसांच्या या युग्मात २०११ मध्ये पन्नासहून अधिक स्पंदने आढळली आणि प्रकाशवक्रावरून ते अर्धविलग मानले गेले. २०१३ मध्ये वर्णपटीय अभ्यासातून दात्याचे वस्तुमान केवळ ०.२ सौर वस्तुमानाच्या आसपास निघाले आणि तो आपल्या रोश खंडात मावत असल्याचे स्पष्ट झाले. द्रव्याचा प्रवाह थांबलेला होता, म्हणून या युग्माची गणना आता द्रव्य-हस्तांतरणानंतरच्या विलग युग्मांत होते.

पुढील अवस्था

दात्याचे बाह्य आवरण जवळजवळ संपले की तो आकसतो आणि हीलियमच्या गाभ्यासह श्वेत बटूकडे वाटचाल करू लागतो. ग्राही तारा ए किंवा एफ वर्गाचा सामान्य तारा भासतो. अशा युग्मांना ईएल कॅनम व्हेनाटिकोरम प्रकारची युग्मे म्हणतात. वास्प दुर्बिणींच्या सर्वेक्षणात सापडलेल्या जे०२४७−२५ या युग्मातील आकसणारा तारा स्वतःच स्पंदन पावत असल्याचे पिएर मॅक्सटेड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जाहीर केले. द्रव्य देऊन बसलेल्या ताऱ्याचा अंतर्भागही त्यामुळे स्पंदनांच्या साहाय्याने अभ्यासता येऊ लागला आहे.